टायमिंग बेल्ट, साडेसतरा हजार आणि ‘चालतेय ना गाडी?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, पतसंस्थेत नोकरीला आहे. मिस्टर शिक्षक आहेत, शाळा २४ किलोमीटरवर. २०२१ मध्ये आम्ही पुण्याहून सेकंडहँड डस्टर घेतली, डिझेल, २०१४ चं मॉडेल. घेतली तेव्हा मीटरवर ६१ हजार किलोमीटर होते, आता ९३ हजार आहेत. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल नाही. आधीचे मालक तोंडी म्हणाले होते, ‘सगळं केलेलं आहे.’ २०२५ च्या उन्हाळ्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने या कामाचं ३१,४०० रुपयांचं कोटेशन दिलं. गावातले मेकॅनिक वॉटर पंपासकट १७,५०० म्हणतात. दुसरे एक जण नुसता बेल्ट ६,५०० मध्ये टाकून देतो म्हणतात. हाताशी १२ हजार आहेत. मुलीच्या अकरावीच्या क्लासची फी आत्ताच भरली. पोस्टातली पाच वर्षांची आरडी चार महिन्यांनी संपतेय. मिस्टर म्हणतात, गाडी मख्खन चालतेय, एक लाख होऊ दे मग बघू. दीर म्हणतात, बेल्ट जायच्या आत पावणेतीन लाखांना विकून टाका, कुणाला काय कळतंय. दर महिन्याला ७६ वर्षांच्या सासूबाईंना डोळ्यातल्या इंजेक्शनसाठी याच गाडीने पुण्याला न्यावं लागतं. सोनं गहाण ठेवून काम करून घेऊ या, असं मी म्हटलं तर ‘तुला गाडीतलं काय कळतं’ हे ऐकावं लागलं. काम करावं, थांबावं की गाडी विकावी?

ताई,

तुम्ही आकडे इतके नीट मांडलेत की उत्तर आधीच सांगून टाकते. काम करून घ्या, याच महिन्यात. सोनं घरातच राहू द्या. आणि काम होईपर्यंत त्या गाडीने पुण्याला जाऊ नका, शाळेलाही नेऊ नका. आता असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण घरात तुम्हाला हे समजावून सांगावं लागणार आहे.

सरांचं म्हणणं आधी घेऊ. गाडी मख्खन चालतेय, हे ते खोटं बोलत नाहीत. अडचण अशी की टायमिंग बेल्टच्या बाबतीत ‘छान चालणं’ यावरून काहीच कळत नाही. क्लच घसरायला लागतो, ब्रेक वाजायला लागतात, बॅटरी सकाळी कण्हते. यातली प्रत्येक गोष्ट आपल्याला चार-आठ दिवसांची सवड देते. टायमिंग बेल्ट बहुतेक वेळा देत नाही. शेवटच्या सेकंदापर्यंत इंजिन एकसारखं चालतं आणि पुढच्या सेकंदाला बंद पडतं. पुष्कळ लोकांचा घोटाळा इथे होतो, की थंडीत किंवा पावसात गाडी सुरू केल्यावर जो चूं चूं आवाज येतो तो टायमिंग बेल्टचा, आणि आवाज नाही म्हणजे बेल्ट चांगला. तो आवाज बाहेरच्या फॅन बेल्टचा असतो, जो अल्टरनेटर आणि एसी फिरवतो. टायमिंग बेल्ट प्लास्टिकच्या कव्हरखाली असतो, दातेरी असतो, घसरत नाही, त्यामुळे ओरडतही नाही.

तो करतो काय? खाली क्रँकशाफ्ट पिस्टनांना वरखाली करते, वर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडते-मिटते. या दोघींचा मेळ हा रबरी पट्टा राखतो. खालची दोनदा फिरली की वरची एकदा. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सोळा-सतरा वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, त्यामुळे पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेल्या वरच्या भागाच्या, मध्ये जागा जवळपास उरतच नाही. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबते, दोन-तीन व्हॉल्व्ह अर्धवट उघडे राहतात, आणि गाडीच्या वेगाने फिरत असलेली क्रँक पिस्टन त्यांच्यावर आदळवते. मेकॅनिक म्हणतात ना, ‘व्हॉल्व्ह बेंड झाले, हेड उतरवावं लागेल’, ते हेच. नशीब चांगलं असेल तर हेडच्या कामावर भागतं. पिस्टनला लागलं असेल तर इंजिनच खोलावं लागतं, नाहीतर कुर्ल्याच्या बाजारात जुनं इंजिन शोधत फिरावं लागतं. खर्च लाखाच्या घरात जातो, वरही जातो.

इंजिन बंद पडणं ही गोष्ट रस्त्यावर कुठे होते, यालाही महत्त्व आहे. इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते आणि पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होऊ शकतं. टेंभुर्णीच्या पुढे हायवेला ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या गर्दीत, मागच्या सीटवर डोळ्याला पट्टी लावलेल्या सासूबाई असताना हे व्हायला नको. खर्चाचा हिशेब बाजूला ठेवला तरी तेवढ्यासाठी पुण्याची पुढची फेरी जुन्या पट्ट्यावर करू नका.

आता ‘एक लाख झाल्यावर बघू’. हा एक लाखाचा आकडा आपल्याकडे तोंडोतोंडी फिरतो आणि सगळ्या गाड्यांना लावला जातो. गाडीच्या पुस्तिकेत टायमिंग बेल्टला दोन मुदती दिलेल्या असतात, किलोमीटरची आणि वर्षांची, जी आधी येईल ती. वर्षांची मुदत का? पट्टा रबराचा असतो, आत काचतंतूंचे दोर असतात. गाडी चालो न चालो, इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होत जातं. त्यात सीलमधून तेल पाझरून पट्ट्यावर आलं तर ते आणखी लवकर खराब होतं. तुमच्या गाडीला बिल नाही, म्हणजे २०१४ मध्ये कारखान्यात बसवलेलाच पट्टा आत आहे असं धरूनच चालावं लागेल. दहा वर्षं ओलांडलेला पट्टा या इंजिनाच्या कुठल्याच मुदतीत बसत नाही. एक लाखाला अजून सात हजार बाकी आहेत, हा हिशेब त्यामुळे चालत नाही.

मीटरवरच्या आकड्याबद्दलही थोडी शंका घ्या. लोक डिझेल गाडी घेतात ती बहुधा जास्त फिरण्यासाठी. सात वर्षांत ६१ हजार अशक्य नाही, पण पडताळून पाहावं असं आहे. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या कुठल्याही सर्व्हिस सेंटरला गाडीचा जुना इतिहास विचारा. आधीच्या मालकांनी तिथे सर्व्हिसिंग केलं असेल तर कोणत्या तारखेला किती किलोमीटर होते आणि काय बदललं, हे त्यांच्या नोंदीत दिसतं. एका फोनचं काम आहे. टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद तारखेसकट खरंच सापडली, तर माझं हे सगळं उत्तर बदलेल आणि तुम्हाला सवड मिळेल. नोंद सापडली नाही, तर ‘सगळं केलेलं आहे’ या वाक्याची किंमत शून्य धरा.

कव्हर उघडून बघून सांगता येईल का, असं कुणी सुचवेल. वरचं कव्हर क्लिपा सोडवून थोडं बाजूला करता येतं, टॉर्चच्या उजेडात पट्टा दिसतो. कडा विसविशीत झाल्या असतील, पाठीवर बारीक भेगा असतील, तेलाचा ओलावा दिसत असेल तर गाडी तिथून हलवू नका. पण काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. हल्लीचं रबर वरून चांगलं दिसतं आणि आतले दोर थकलेले असतात. शिवाय तुटतो तो नेहमी पट्टाच असं नाही. पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तरी परिणाम तोच.

यावरून आपण ६,५०० वाल्या कोटेशनकडे येतो. ते घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. तुमच्या डस्टरच्या १.५ डीसीआय डिझेल इंजिनात वॉटर पंपही, म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंट फिरवणारा पंप, याच टायमिंग बेल्टवर फिरतो. नवा पट्टा जुन्या टेन्शनरवर आणि जुन्या पंपावर बसवला, आणि वर्षभरात पंपाचं बेअरिंग गेलं किंवा कूलंट गळायला लागलं, तर नवा पट्टाही गेला. या कामात मजुरी मोठी असते ती पट्टा पालटायची नाही, तिथपर्यंत पोचायची. इंजिनला खालून आधार द्यायचा, उजव्या बाजूचं माउंटिंग सोडायचं, चाक काढायचं, क्रँक पुली काढायची. एवढं उघडल्यावर पंप तसाच ठेवून पुन्हा बंद करणं म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यायची तयारी ठेवणं. तेव्हा बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, नवं कूलंट आणि क्रँक पुलीचा नवा बोल्ट, हे एकत्रच करायचं. फॅन बेल्टही त्यातच बदलून घ्या. तो काही चैनीत मोडत नाही. या इंजिनात झिजलेल्या फॅन बेल्टचे धागे सुटून पुलीमागून टायमिंग बेल्टमध्ये शिरल्याचे प्रकार झालेले आहेत.

आणि ३१,४००? त्या कोटेशनची प्रत तुम्ही पाठवलीत, बरं झालं. त्यात वर सांगितलेल्या गोष्टींशिवाय इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन डीकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, व्हील अलाइनमेंट आणि अंडरबॉडी कोटिंग आहे. यातलं एकही काम टायमिंग बेल्टशी बांधलेलं नाही. ती कामं वाईट आहेत असं नाही, पण ज्या घरात हाताशी १२ हजार आहेत त्या घराने ती आज करायची नाहीत. दुसरं म्हणजे हे कोटेशन जुनं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला, त्याआधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. बाकी काही बदललं नसेल तर २८ टक्के लागणाऱ्या भागाची किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरते. फोन करून नुसत्या टायमिंगच्या कामाचं, भाग आणि मजुरी वेगवेगळी दाखवणारं ताजं कोटेशन मागा. व्हॉट्सॲपवर पाठवतात. ते हातात असलं की गावातल्या मेकॅनिकशी बोलणंही सोपं जातं.

तरीही तुमच्या बाबतीत मी गावातल्या १७,५०० वाल्या मेकॅनिककडे झुकते, आणि कारण फक्त पैशांचं नाही. सर्व्हिस सेंटरपर्यंत जायचं म्हणजे याच पट्ट्यावर लांबचा प्रवास, किंवा टोचनचा खर्च. मात्र तो मेकॅनिक हे इंजिन ओळखणारा हवा. डस्टरचं हे डिझेल इंजिन आपल्याकडे नवखं नाही. नाशिकला तयार झालेली लोगन, पुढे व्हेरिटो, निसानची टेरॅनो, सनी आणि मायक्रा डिझेल, या सगळ्यांत हेच १.५ लिटरचं कुटुंब आहे. लोगन आणि व्हेरिटो टॅक्सीत भरपूर फिरल्या, त्यामुळे टॅक्सीवाल्यांची कामं करणाऱ्या मेकॅनिकच्या हाताखालून हे काम पुष्कळदा गेलेलं असतं. त्यांना सरळ विचारा, ‘व्हेरिटोचं टायमिंग केलंय का?’

मग विचारा, ‘टायमिंगच्या पिना आहेत का?’ क्रँक आणि कॅम ठरलेल्या जागी अडकवून ठेवायला दोन पिना लागतात. त्या लावल्यावरच जुना पट्टा सोडायचा. काही जण पिनांऐवजी व्हाइटनरने खुणा करून काम उरकतात. अनुभवी हाताला ते जमतंही, पण एक दात इकडचा तिकडे झाला तर दंड तुम्ही भरणार. पिना नसतील तर त्या कुठून तरी आणून काम करा, असं सांगायला संकोच करू नका. सामान तुमच्यासमोर, सीलबंद खोक्यातून निघालं पाहिजे. गेट्स, कॉन्टिनेंटल, एसकेएफ, आयएनए यांची किट मिळतात, कंपनीचं मूळ सामानही मिळतं. डुप्लिकेट मालाचा धोका आहे, म्हणून किट अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या. मेकॅनिक आणणार असेल तर बिल तुमच्या गाडीच्या नंबरावर मागा.

शक्य असेल तर काम संपताना तिथे उभ्या राहा. तुम्ही स्वतः, सरांना वेळ नसेल तर. नवा पट्टा बसला, टेन्शनर सेट झाला, पिना काढल्या, की लगेच चावी फिरवायची नसते. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, सावकाश, पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि पिना पुन्हा आपल्या जागी जातात का ते बघायचं. चांगला मेकॅनिक हे करताना बोलत नाही, कान देऊन असतो. कुठे अडकल्यासारखं लागलं तर तो तिथेच थांबतो. पिना परत बसल्या म्हणजे दात बरोबर लागले. हे दोन फेरे न फिरवता कुणी थेट स्टार्टर मारायला निघाला तर त्याला नम्रपणे थांबवा. जुना पट्टा, टेन्शनर आणि पंप पिशवीत घालून घरी न्या.

आता पैसे. तुमचा प्रश्न ३१ हजारांचा वाटत होता म्हणून सोन्यापर्यंत विचार गेला. गरज १७,५०० ची आहे आणि हाताशी १२ हजार आहेत. म्हणजे कमी पडतात साडेपाच हजार. एवढ्यासाठी दागिने बँकेत नेणं, मूल्यांकनाचा आणि प्रक्रियेचा खर्च, पुन्हा सोडवायची आठवण ठेवणं, हे कशाला? पोस्टाच्या आरडीवर कर्ज मिळतं. बारा हप्ते भरलेले आणि खात्याला वर्ष झालेलं असलं की शिलकीच्या निम्म्यापर्यंत उचलता येतं, व्याज आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त. तुमचे तर चार महिने सोडून सगळे हप्ते भरून झालेत. साडेपाच हजारांचं चार महिन्यांचं व्याज दोनशे रुपयांच्या आत बसेल, आणि आरडी न मोडता ठरल्या दिवशी पूर्ण होईल. पासबुक घेऊन पोस्टात गेलात की अर्ज तिथेच मिळेल.

क्रेडिट कार्ड मी शेवटी ठेवेन. बिल पूर्ण भरता येणार असेल तरच वापरा. ‘किमान रक्कम’ भरून पुढे ढकललं तर बहुतेक कार्डांवर महिन्याला ३ टक्क्यांच्या पुढे व्याज लागतं, वर त्या व्याजावर जीएसटी. विनाव्याज हप्त्यांच्या योजनेतही प्रोसेसिंग फी असते, ती विचारून घ्या. पतसंस्थेत किंवा शेजारणींबरोबर भिशी असेल तर यंदाचा नंबर आधी मागता येतो. कारण खरं आहे, लाजण्यासारखं नाही. मेकॅनिकशी ओळख असेल तर किटचे पैसे आधी आणि मजुरी पुढच्या पगाराला, असंही पुष्कळ ठिकाणी जमतं.

एक पर्याय तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. गाडी उभी ठेवणं. काही कारणाने पैसे जमायला महिना-दीड महिना लागलाच, तर उभ्या गाडीचा बेल्ट तुटत नाही. सर शाळेला मोटारसायकलने किंवा एसटीने जातील. पुण्याला जायचं तर एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून राज्यातल्या सगळ्या महिलांना आहे, आणि सासूबाई ७५ च्या पुढच्या असल्याने त्यांना एसटी मोफत. त्यांना बसचा प्रवास गाडीइतका सोयीचा नाही, हे मला कळतं. इंजेक्शन झाल्यावर लगेच परतीची बस धरण्यापेक्षा एक रात्र नातेवाइकांकडे थांबता आलं तर बघा. एक-दोन फेऱ्यांचाच प्रश्न आहे. गाडी उभी असताना दर रविवारी ‘जरा स्टार्ट करून ठेवू’ असं करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, पुरे.

विम्यावरही विसंबू नका. मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. बेल्ट जुना होऊन तुटला आणि इंजिन गेलं तर भरपाई मिळत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन प्रामुख्याने पाणी शिरणं, तेल गळून इंजिन बसणं अशा प्रसंगांसाठी असतं. रोडसाइड असिस्टन्स असेल तर गाडी ओढून नेतील, दुरुस्ती तुमच्याच पैशाने.

दिरांचा सल्ला मला पटलेला नाही. पावणेतीन लाख देऊन ही गाडी घेणारा माणूस तुमच्यासारखाच कुणीतरी असेल, आरडी मोडून किंवा कर्ज काढून घेणारा. त्याच्या घरातली माणसं त्या गाडीत बसणार. माहीत असून न सांगता विकणं बरोबर नाही, आणि तालुक्याच्या गावात ते लपतही नाही. शिवाय व्यवहार म्हणूनही ते तोट्याचं आहे. जाणकार गिऱ्हाईक मेकॅनिक घेऊन येतं, पहिला प्रश्न टायमिंगचाच विचारतं आणि बिल नाही म्हटलं की साडेसतरा हजारांहून जास्त भाव पाडतं. उलट बिल दाखवलंत तर भाव टिकतो. गाडीची नोंदणी २०२९ पर्यंत आहे. तोवर वापरायची ठरवली तर हा खर्च तीन-एक वर्षांत विभागला जातो. पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतलंत तर हप्ता साडेदहा हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे टायमिंगचं सगळं काम नव्या गाडीच्या दोन हप्त्यांहून स्वस्त. गाडी विकायचीच असेल तर जरूर विका, पण तो निर्णय बेल्टच्या भीतीने घेऊ नका.

हे वाचून आपापल्या गाडीबद्दल विचारणारी पत्रं येतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. सगळ्या गाड्यांना बेल्ट नसतो. स्विफ्ट आणि डिझायरच्या १.३ डिझेलला चेन आहे, आय-टेनच्या १.२ पेट्रोललाही चेन. जुनी सँट्रो आणि आय-टेन १.१ यांना बेल्ट, मारुती ८०० आणि ओम्नीला बेल्ट, पोलो, व्हेंटो आणि रॅपिडच्या टीडीआयला बेल्ट, फोर्ड इकोस्पोर्टच्या डिझेलला बेल्ट. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, म्हणून त्या गाड्यांच्या मालकांनी किट मिळायला लागणारा वेळ धरून आधीच विचारपूस करावी. २०१६ पर्यंतच्या जुन्या डिझेल इनोव्हाला डॅशबोर्डवर ‘टी-बेल्ट’ असा दिवा आहे. तो दिवा पट्टा तपासत नाही, फक्त किलोमीटर मोजतो, आणि पट्टा न बदलताही तो बंद करता येतो. जुनी इनोव्हा घेताना दिवा लागलेला नाही यावर समाधान मानू नका, बिल मागा. आणि कुठल्याही गाडीचं इंजिन चालता चालता असं अचानक मेलं, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, धक्का मारून सुरू करायला जाऊ नका. जेवढे जास्त फेरे, तेवढे जास्त व्हॉल्व्ह वाकतात.

राहिलं ‘तुला गाडीतलं काय कळतं’. ताई, तुम्ही तीन कोटेशनं घेतलीत, बिल नाही हे तुमच्या लक्षात आलं, आधीच्या मालकाच्या शब्दावर तुम्हाला शंका आली. गाडी सांभाळायला जे कळावं लागतं ते हेच. तरी सरांशी बोलताना हा विषय जिंकायचा करू नका. त्यांनाही खर्चाची धास्ती आहे, आणि क्लासची फी भरून झाल्यावर घरात आणखी एक मोठा आकडा नको म्हणून ते एक लाखाचा आधार धरून आहेत, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. त्यांच्यासमोर ३१,४०० ठेवू नका, साडेपाच हजार ठेवा. ‘आईंना घेऊन पुढच्या महिन्यात जायचंय, त्याआधी हे करून टाकू, पोस्टातून एवढेच उचलायचेत’, असं म्हणा. सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबरचा फोन त्यांनाच करू द्या. उत्तर त्यांच्या कानावर थेट पडलं तर बरं.

काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर एका कागदावर लिहून बॉनेटखाली, उष्णता लागणार नाही अशा जागी चिकटवा. पुस्तिकेतली वर्षांची मुदत बघून पुढची तारीखही त्यावरच लिहा. बिल थर्मल कागदावरचं असेल तर त्याची लगेच झेरॉक्स काढून आरसीच्या फाइलमध्ये ठेवा. ती शाई वर्षभरात उडते.